बेळगावात बसून जर्मनीची दुसरी बास्केटबॉल बुंडेसलिगा कशी पाहावी आणि कशी वाचावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांना अमेरिकेतील एनबीए या लीगच्या खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात. रात्री मोबाइलवर दहा-पंधरा सेकंदांच्या चित्रफिती पाहायच्या आणि सकाळी कोर्टावर येऊन तसेच करू पाहायचे, हा क्रम मी टिळकवाडीतील कोर्टावर मुलांना शिकवताना अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या चित्रफितींत चेंडू रिंगमध्ये कसा गेला ते दिसते; पण तो तिथपर्यंत जाण्याआधी चार साथीदारांनी काय केले, बचाव कोठे मोडला आणि प्रशिक्षकाने त्याच क्षणी तो डाव का मागितला, यांपैकी काहीही दिसत नाही. म्हणून खेळ मनापासून शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एकच गोष्ट सुचवतो: युरोपातील एखाद्या देशाची दुसऱ्या श्रेणीची व्यावसायिक लीग निवडावी आणि तिचा एक हंगाम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा.

दुसरी श्रेणीच कशाला, असे पालकही विचारतात. तेथील खेळाडू पूर्ण व्यावसायिक असले तरी सगळेच रिंगच्या वर उडणारे नसतात. त्यांना गुण मिळवायचे तर स्क्रीन, म्हणजे साथीदाराच्या बचावपटूची वाट अडवणारा अडसर, नीट लावावा लागतो, पास वेळेवर द्यावा लागतो आणि बचावात एकमेकांच्या मदतीला धावावे लागते. आपल्या कोर्टावरच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला अनुकरण करता येईल असा तो खेळ असतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की बॅग उचलून संध्याकाळच्या बसने परत यायचे. त्यामुळे आठ महिने चालणाऱ्या साखळीत हरलेल्या सामन्यालाही किंमत असते, ही गोष्ट आपल्या मुलांच्या अनुभवात कधी येतच नाही.

देश म्हणून मी जर्मनी सुचवतो. हा देश २०२३ मध्ये मनिला येथे अंतिम सामन्यात सर्बियाला ८३-७७ असे हरवून जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये रीगा येथे युरोपचाही विजेता झाला. अशा देशाचे खेळाडू कोठून घडून येतात, हे त्याच्या खालच्या लीगमध्ये स्पष्ट दिसते.

आधी उतरंड समजून घ्यावी

सर्वांत वर बास्केटबॉल बुंडेसलिगा आहे. ती १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्याखाली ‘दुसरी बास्केटबॉल बुंडेसलिगा’ या एकाच नावाखाली दोन थर चालतात, आणि नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ येथेच होतो. वरचा थर ‘प्रो-ए’ हा देशातील दुसऱ्या श्रेणीचा आहे आणि त्यात संपूर्ण देशाचा एकच गट असतो. खालचा थर ‘प्रो-बी’ हा खरे तर तिसऱ्या श्रेणीचा असून तो उत्तर आणि दक्षिण अशा दोन प्रादेशिक गटांत विभागलेला आहे. म्हणून ‘दुसरी बुंडेसलिगा’ असा शोध घेतल्यावर तीन वेगवेगळे गुणतक्ते समोर येतात. आपण प्रो-एचा तक्ता पाहत आहोत की प्रो-बीचा, आणि प्रो-बीचा असल्यास ‘नोर्ड’ म्हणजे उत्तरेचा की ‘झ्यूड’ म्हणजे दक्षिणेचा, हे आधी तपासून घ्यावे. प्रो-बीच्याही खाली उत्तर, पश्चिम, आग्नेय आणि नैर्ऋत्य अशा चार प्रादेशिक लीग आहेत. पण पहिल्या हंगामात तेवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही.

आपल्याकडची दसरा क्रीडास्पर्धांची रचना डोळ्यांपुढे आणली की ही उतरंड लगेच समजते. तालुका, जिल्हा, मग बेळगाव विभाग आणि शेवटी राज्य अशा पायऱ्या आपण चढतोच. फरक एवढाच की आपल्या पायऱ्या एका मोसमात काही दिवसांत चढून होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते, तर जर्मनीत एक पायरी चढायला पूर्ण वर्ष लागते आणि चढलेला संघ पुढच्या वर्षी तेथूनच खेळू लागतो.

हा थर नेहमीच असा नव्हता. १९७५ मध्ये वरची बुंडेसलिगा एका गटाची झाली, तेव्हा तिच्याखाली दुसरी बुंडेसलिगा उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत सुरू करण्यात आली आणि ती रचना २००७ पर्यंत टिकली. विभागणीचे कारण प्रवासाचे होते. उत्तर समुद्राच्या काठावरचे ब्रेमरहाफेन आणि आल्प्सच्या पायथ्याकडचे म्युनिक यांच्यात रस्त्याने आठशे किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. लहान गावाच्या क्लबला दर पंधरवड्याला असा प्रवास करणे परवडत नसे. २००७ मध्ये प्रो-ए आणि प्रो-बी हे थर आले, वरचा थर देशव्यापी झाला आणि उत्तर-दक्षिण विभागणी पुढे प्रो-बीकडे गेली.

या जुन्या दक्षिण गटाबद्दल मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. डर्क नोविट्स्की १९९४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आपल्या गावच्या डीजेके व्युर्त्सबुर्ग या संघात आला तेव्हा तो संघ दुसऱ्या बुंडेसलिगाच्या दक्षिण गटात खेळत होता. पुढची चार वर्षे तो त्याच थरावर खेळला. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू होल्गर गेश्विंडनर त्याला संघाच्या सरावाव्यतिरिक्त वेगळे शिकवत असत. १९९८ च्या वसंतात अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे तरुणांच्या एका निवडक सामन्यात त्याने ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परतलेले चेंडू) घेतले, त्याच वर्षी व्युर्त्सबुर्गला बढती मिळाली आणि त्याच वर्षी तो एनबीएत निवडला गेला. सात फूट उंचीचा मुलगा बाहेरून तीन गुणांचे फेक मारायला शिकला तो या प्रादेशिक गटाच्या लहान सभागृहांत.

एक क्लब निवडावा

आठवड्याचे सगळे सामने पाहण्याचा प्रयत्न केल्यास दोन आठवड्यांत उत्साह मावळतो. म्हणून एकच क्लब निवडावा आणि त्याचे सर्व सामने, निदान त्यांचे तपशीलवार निकाल, क्रमाने पाहावेत. निवडताना मोठ्या शहराचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. बायर्न म्युनिकचा बास्केटबॉल संघ २०१०-११ च्या हंगामात प्रो-एमध्ये होता, तेथून वर गेला आणि २०१४ मध्ये थेट जर्मन विजेता झाला; पण त्यामागे फुटबॉलच्या बलाढ्य क्लबचे बळ होते आणि आपण त्यातून घेण्यासारखे थोडे आहे.

त्यापेक्षा फेख्टासारखे गाव पाहावे. लोअर सॅक्सनी या राज्यातील हे गाव साधारण आपल्या निपाणीच्या निम्म्याएवढे आहे. तेथील रास्टा फेख्टा हा संघ अनेकदा वर गेला आणि अनेकदा खाली आला. २०१८ मध्ये बढती मिळाल्यावर पहिल्याच हंगामात तो वरच्या बुंडेसलिगाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, नंतर पुन्हा खाली घसरला आणि २०२३ मध्ये पुन्हा वर आला. त्याच प्रदेशातील क्वाकेनब्र्युक तर आपल्या खानापूर गावापेक्षाही लहान आहे. तेथील आर्टलँड ड्रॅगन्स या संघाने २००७ मध्ये वरच्या बुंडेसलिगाची अंतिम फेरी गाठली आणि २००८ मध्ये जर्मन चषक जिंकला. २०१५ मध्ये त्या क्लबने वरच्या लीगमधून स्वतःहून माघार घेतली आणि प्रो-बीपासून पुन्हा उभारणी सुरू केली. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर एनबीए विजेता झालेला इसाया हार्टेनस्टाइन याच गावच्या तालमीत वाढला.

ज्याला इतिहासाची आवड आहे त्याने गीसेन किंवा लेव्हरकुझेन निवडावे. गीसेन हा १९६६ च्या पहिल्या बुंडेसलिगातील संघ; पाच वेळा जर्मन विजेता झालेला हा क्लब २०२२ मध्ये खाली आला. लेव्हरकुझेनने तर चौदा विजेतेपदे मिळवली आहेत, आणि त्यांच्यामागे उभी असलेली औषध कंपनी २००८ मध्ये बाजूला झाल्यावर त्या क्लबला खालच्या लीगमधून वाट काढावी लागली. आपल्याकडच्या कुस्तीच्या आखाड्यांना आश्रयदाता गेल्यावर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वेळ आणि वेळापत्रक

हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि साधारण मे महिन्यापर्यंत चालतो. जर्मनीचे घड्याळ वर्षातून दोनदा बदलते, हे न लक्षात घेतल्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षी दोन सामने चुकले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते आणि उरलेल्या काळात साडेतीन तास मागे. म्हणजे डिसेंबरात शनिवारी तेथे १९:३० वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे बरोबर मध्यरात्री बारा वाजता सुरू होतो. तोच सामना एप्रिलमध्ये असल्यास रात्री अकराला. रविवारी तेथे १७:०० वाजता सुरू होणारा सामना मात्र हिवाळ्यात आपल्याला रात्री साडेनऊला आणि एप्रिलमध्ये साडेआठला मिळतो. शाळा-महाविद्यालयाच्या मुलांनी रविवारचेच सामने थेट पाहावेत आणि शनिवारचे सामने दुसऱ्या दिवशी पाहावेत, असा नियम मी घालून दिला आहे, कारण रात्री अडीचला झोपलेला मुलगा सकाळी सहाच्या सरावाला येतो तेव्हा त्याचे पाय चालत नाहीत.

वेळापत्रक, गुणतक्ते आणि आकडेवारी लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. थेट प्रक्षेपणाचा दुवाही तेथूनच घ्यावा आणि ते सशुल्क असल्यास तिघाचौघांनी एकत्र बसून पाहावे. पान जर्मन भाषेत असले तरी बिचकण्याचे कारण नाही. घरी मराठी, शाळेत कन्नड, पुस्तकात इंग्रजी आणि बाजारात हिंदी अशी सवय असलेल्या आपल्या मुलांना दहा-बारा नवे शब्द जड जात नाहीत. ‘श्पीलटाग’ म्हणजे सामन्यांची फेरी, ‘हाउप्टरुंडे’ म्हणजे मुख्य साखळी, ‘हाइम’ म्हणजे घरचा आणि ‘आउसवेर्ट्स’ म्हणजे बाहेरचा सामना, ‘झीग’ म्हणजे विजय, ‘नीडरलागे’ म्हणजे पराभव, ‘फेरलेंगरुंग’ म्हणजे जादा वेळ, ‘आउफश्टीग’ म्हणजे बढती आणि ‘आपश्टीग’ म्हणजे पदावनती. एवढ्यावर पूर्ण हंगाम निघतो. तारखेत दिवसानंतर आणि महिन्यानंतर टिंब असते, आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो; ७८,५ असे दिसले तर ते साडेअठ्ठ्याहत्तर समजावे.

निकालाची ओळ कशी वाचावी

यजमान संघाचे गुण नेहमी आधी लिहितात आणि दोन आकड्यांमध्ये विसर्गासारखे चिन्ह असते. समजा, एक काल्पनिक निकाल असा आहे: ८८:८१ (२४:१९, १८:२५, २१:२०, २५:१७). कंसातले चार आकडे म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांतील गुण. यजमान संघ मध्यंतराला ४२:४४ असा मागे होता, तिसऱ्या सत्राअखेरही एका गुणाने मागेच होता आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याने आठ गुणांची सरशी केली, हे सामना न पाहताही समजते. आता प्रश्न उभा राहतो की त्या दहा मिनिटांत नेमके काय बदलले, आणि मग सामना पाहताना नजर आपोआप त्या जागी जाते. मुलांना मी आधी ओळ वाचायला लावतो, तिच्यावरून एक अंदाज वहीत लिहायला लावतो आणि त्यानंतरच चित्रीकरण दाखवतो.

गुणतक्ता: येथे घाई करू नये

प्रो-एमध्ये अठरा संघ असले की प्रत्येक संघ इतर सतरा संघांशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर, खेळतो. म्हणजे एकूण ३४ सामने. विजयाला दोन गुण असतात आणि पराभवाला शून्य. इतक्या लांब साखळीत दोन-तीन संघांचे गुण समान होणे नेहमीचेच असते, आणि तेव्हा संपूर्ण हंगामातील गुणांचा फरक आधी पाहत नाहीत. त्या दोन संघांनी आपसांत खेळलेल्या दोन सामन्यांची थेट तुलना करतात.

हा एक नियम नीट समजला की अर्धी लीग समजली, म्हणून उदाहरण घेऊ. पहिल्या संघाने घरच्या कोर्टावर दुसऱ्या संघाला ८०:७० असे दहा गुणांनी हरवले. काही महिन्यांनी परतीच्या सामन्यात पहिला संघ बाहेर खेळताना हरत आहे. तो सहा गुणांनी हरला तर दोन्ही सामने मिळून तो अजून चार गुणांनी पुढे राहतो आणि हंगामाअखेर समान गुण झाल्यास वरचे स्थान त्याचेच असते. तो बारा गुणांनी हरला तर ते स्थान जाते. म्हणजे शेवटच्या मिनिटात अकरा गुणांनी मागे असलेला संघ सामना जिंकण्यासाठी खेळत नसतो. तो फरक दहाच्या आत आणण्यासाठी खेळत असतो. आणि पुढे असलेला संघ, विजय निश्चित झालेला असतानाही, शेवटचे दहा सेकंद शिल्लक असताना टाइमआउट घेऊन तीन गुणांचा फेक आखत असतो.

आपल्या मुलांना हे प्रथम पाहताना विचित्र वाटते. सामना संपल्यात जमा असताना ही माणसे एवढी जिवावर उदार होऊन का पळतात, असे ते विचारतात. बाद पद्धतीत एका गुणाने हरणे आणि वीस गुणांनी हरणे यांत काहीच फरक नसतो, म्हणून मागे पडलेला संघ शेवटची दोन मिनिटे खांदे पाडून खेळतो. आमच्या कोर्टावर मी ही खोड मोडण्याचा प्रयत्न बरीच वर्षे बोलून केला होता. परतीच्या सामन्याचे गणित फळ्यावर मांडून मग शेवटचे मिनिट दाखवल्यापासून मला फार बोलावे लागत नाही.

म्हणून पाहत असलेल्या क्लबासाठी वहीत एक पान राखून ठेवावे. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे पहिल्या सामन्याचा फरक लिहावा, आणि जानेवारीनंतर परतीचे सामने सुरू झाले की सामन्याआधी ते पान उघडावे. समान गुणांचे संघ तीन असतील तर त्या तिघांच्या आपसांतील सामन्यांचा वेगळा छोटा तक्ता करावा लागतो; तो हाताने करून पाहावा, एकदा केला की पद्धत कायमची लक्षात राहते.

तक्ता वाचताना घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे करून पाहावेत. एखादा संघ पाचव्या स्थानावर दिसतो, पण त्याचे बहुतेक विजय घरचे असतील आणि पुढचे पाच सामने बाहेरचे असतील, तर ते स्थान टिकणार नाही, हे आधीच कळते.

सामना पाहताना काय टिपावे

मैदान, वेळ आणि नियम जागतिक महासंघाचेच, म्हणजे आपण खेळतो तेच आहेत: २८ बाय १५ मीटरचे कोर्ट, पावणेसात मीटरवर तीन गुणांची रेषा, हल्ल्यासाठी २४ सेकंद आणि आपल्याच संघाला रिबाउंड मिळाल्यास १४ सेकंद. हा फार मोठा फायदा आहे. एनबीएचे सामने अठ्ठेचाळीस मिनिटांचे, त्यांची तीन गुणांची रेषा अधिक लांब आणि बचावाचे काही नियमही निराळे. त्यामुळे तेथे पाहिलेले सगळे आपल्या कोर्टावर जसेच्या तसे लागू होत नाही.

पहिल्या सत्रात चेंडूकडे पाहूच नये. चेंडूपासून सर्वांत लांब असलेल्या बचावपटूकडे पाहावे. तो रिंगखालच्या रंगीत क्षेत्रात किती आत सरकतो आणि पास सुटल्यावर परत किती पावलांत पोहोचतो, ते मोजावे. दुसऱ्या सत्रात सांघिक फाउलांकडे लक्ष ठेवावे. एका सत्रात पाचव्या फाउलापासून प्रतिस्पर्ध्याला दोन मुक्त फेक मिळतात, म्हणून चार फाउल झालेला संघ बचावात हात आवरतो आणि समोरचा संघ मुद्दाम आत घुसू लागतो. हा बदल टिपता आला की सामना समजू लागला असे मी मानतो.

जर्मनीत आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. प्रो-एमध्ये प्रत्येक संघाचे किमान दोन आणि प्रो-बीमध्ये किमान तीन जर्मन खेळाडू सतत कोर्टावर असावे लागतात. दर हंगामाच्या आरंभी नियमावलीत यासंबंधीचे कलम पुन्हा वाचून घ्यावे. परदेशी खेळाडू, बहुतेक अमेरिकेतून आलेले, गुण जास्त करतात आणि डोळ्यांतही भरतात. पण सामना अनेकदा चौथ्या-पाचव्या जर्मन खेळाडूवर ठरतो. कोर्टावर दोनच जर्मन असतील आणि त्यांतला एक चौथ्या फाउलावर, म्हणजे बाद होण्याच्या बेतात, असेल, तर प्रशिक्षकाला त्याच्या जागी परदेशी खेळाडू आणता येत नाही. बाकावरचा एकोणीस वर्षांचा मुलगाच उतरवावा लागतो. याच सक्तीतून त्या मुलाला खेळायची मिनिटे मिळतात. प्रो-बीमध्ये तर वरच्या क्लबांचे दुसरे संघ किंवा सहयोगी संघ असतात. बर्लिनच्या आल्बाचा बेर्नाउ येथील लोक बेर्नाउशी असा सहयोग आहे, आणि पुढे जगज्जेत्या संघात असलेला फ्रान्झ वाग्नर तेथे खेळला होता.

सामन्यानंतर आकडेवारीच्या पानावरून एकच हिशेब करावा. मुक्त फेक सोडून संघाने मारलेले एकूण फेक घ्यावेत, त्यातून हल्ल्यातील रिबाउंड वजा करावेत, त्यात गमावलेले चेंडू मिळवावेत आणि मुक्त फेकांच्या ०.४४ पट मिळवावे. जो आकडा येईल तेवढ्या वेळा त्या संघाने साधारण हल्ला केला. उदाहरणार्थ, ६२ फेक, १० रिबाउंड, १३ गमावलेले चेंडू आणि २० मुक्त फेक असतील तर उत्तर सुमारे ७४ येते. ८८ गुणांना ७४ ने भागल्यास दर हल्ल्यामागे १.१९ गुण पडतात. दोन्ही संघांचा हा आकडा काढला की कोण वेगाने खेळल्यामुळे पुढे गेले आणि कोण नीट खेळल्यामुळे पुढे गेले, हे वेगळे करता येते.

प्लेऑफ आणि परवाना

मुख्य साखळीनंतर प्रो-एमधील पहिले आठ संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, जातात आणि शेवटचे दोन प्रो-बीमध्ये उतरतात. पहिला आठव्याशी, दुसरा सातव्याशी अशा जोड्या लागतात आणि तीन सामने आधी जिंकणारा संघ पुढे सरकतो. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन्ही संघांना मैदानावरील कामगिरीने बढतीचा हक्क मिळतो. म्हणून उपांत्य फेरीची मालिकाच सर्वांत चुरशीची असते आणि एकच मालिका पाहायला वेळ असेल तर तीच पाहावी. २०२५ मध्ये ट्रीअर आणि येना हे दोन संघ असे वर गेले. प्रो-बीमध्ये प्लेऑफच्या वेळी उत्तरेचे संघ दक्षिणेच्या संघांशी भिडतात. वर्षभर ज्यांना पाहिलेच नाही अशांशी गाठ पडते, आणि तयारीसाठी चित्रीकरण पाहण्याचे महत्त्व त्या आठवड्यात कळते.

हक्क मिळाला तरी परवाना वेगळा मिळवावा लागतो. वरच्या बुंडेसलिगासाठी किमान ३,००० प्रेक्षकांचे सभागृह लागते आणि क्लबची आर्थिक स्थिती तपासली जाते. हागेनचा फिनिक्स हा संघ २०१६ मध्ये हंगाम चालू असतानाच आर्थिक अडचणीमुळे वरच्या लीगमधून बाहेर पडला आणि त्याला खालून पुन्हा उभे राहावे लागले. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गुणतक्त्याबरोबर परवान्यांच्या बातम्याही वाचाव्यात.

आपल्या जिल्ह्यात याचा उपयोग

एक हंगाम असा पाहून झाल्यावर त्यातले काहीतरी कोर्टावर उतरवावे, असे मला कळकळीने वाटते. आणि त्यासाठी प्रादेशिक गटांची रचना आपल्या कामी येते. समजा, आठ संघ तयार आहेत. सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचे ठरवले तर ५६ सामने होतात आणि प्रत्येक संघाला १४ खेळावे लागतात. आपल्याकडे तेवढे रविवारही नाहीत आणि बसभाड्याला तेवढे पैसेही नाहीत. त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट केल्यास प्रत्येक गटात १२ आणि एकूण २४ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा सामने मिळतात, त्यांतले तीन आपल्याच कोर्टावर. महामार्गाने निपाणी, संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी असा उत्तर गट करावा, आणि बेळगाव शहरातील तीन संघांना खानापूरची जोड देऊन दक्षिण गट करावा. खानापूर बेळगावपासून सव्वीस किलोमीटरांच्या आसपास आहे, निपाणी पंचाहत्तरच्या. गटांतल्या गटांत सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते.

नोव्हेंबरात सुरुवात करावी, कारण आपली बहुतेक कोर्टे उघडी आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर पाय ठरत नाही; फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवावे, कारण नंतर परीक्षा येतात. समान गुण झाल्यास थेट तुलना लागू होईल, हे पहिल्या सामन्याआधी लेखी द्यावे, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतो. प्रत्येक संघात आपल्या तालुक्यातील एकोणीस वर्षांखालील दोन खेळाडू सतत कोर्टावर असतील, असा नियम जर्मनीच्या धर्तीवर ठेवावा. स्कोअरशीट पूर्ण भरण्यासाठी प्रत्येक यजमान संघाने दोन मुले आधीच तयार करावीत, कारण सत्रवार गुण, सांघिक फाउल आणि गमावलेले चेंडू कागदावर आले नाहीत तर वर सांगितलेला एकही हिशेब करता येणार नाही. शेवटी उत्तरेचा पहिला दक्षिणेच्या दुसऱ्याशी आणि दक्षिणेचा पहिला उत्तरेच्या दुसऱ्याशी खेळवावा. ते सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्या कोर्टावर ठेवावेत, म्हणजे साखळीतला प्रत्येक विजय, आणि प्रत्येक पराभवातला फरकही, मुलांना मोजावासा वाटेल.